दत्तकाचं भाषण: व्हेनिस, फ्लॉरेन्स, मँचेस्टर

मंगळवार, व्हेनिस

कांपो मानिन या चौकात पर्यटक थांबत नाहीत, रिआल्तो पुलाकडे जाताना नुसते ओलांडतात. मधोमध दानिएले मानिनचा पुतळा आणि एका अंगाला विसाव्या शतकातली बँकेची आडदांड इमारत. व्हेनिसमध्ये अशी इमारत उभी राहू कशी दिली, हा वन्संचा पहिला प्रश्न. (वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. शाळेतून निवृत्त झाल्या, पण प्रश्न विचारायचं काही सुटलं नाही.) या जागी पूर्वी सान पातेर्नियान नावाचं चर्च होतं. त्याचा घंटेचा मनोरा पंचकोनी होता. १८७१ साली चर्च आणि मनोरा दोन्ही पाडले.

त्या चर्चमध्ये १५१५ च्या फेब्रुवारीत आल्दो मानुत्सियो या मुद्रकाचं पार्थिव ठेवलं होतं, भोवती पुस्तकं मांडून. मारिन सानुदो नावाचा गृहस्थ व्हेनिसमधली बारीकसारीक गोष्ट रोजनिशीत टिपून ठेवायचा, त्यानं हे लिहून ठेवलंय. आल्दोचं शेवटच्या वर्षांतलं बिऱ्हाड आणि छापखाना याच वस्तीत, सासरा आंद्रेआ तोरेझानी याच्या घरी. त्याआधीची त्याची जागा सांत आगोस्तिनला, मोठ्या कालव्याच्या पलीकडे. तिथं भिंतीवर पाटी आहे, म्हणून लोक तिथं फोटो काढतात. मला हवं होतं ते पुस्तक मात्र या बाजूला छापलं गेलं.

ते पुस्तक म्हणजे १५१३ च्या वसंतात तीन भागांत निघालेला ग्रीक वक्त्यांच्या भाषणांचा संग्रह. त्याआधी इसोक्रातेसची भाषणं १४९३ साली मिलानमध्ये छापली गेली होती, आणि डेमोस्थेनीस खुद्द आल्दोनंच १५०४ मध्ये काढला होता. उरलेली मंडळी, म्हणजे लिसियास, आंदोकिदीस, आंतिफोन, दिनार्खोस वगैरे, तोवर हस्तलिखितांतच पडून होती. त्यांच्यातच इसायोस होता, आणि मी आले ती त्याच्यासाठी.

इसायोस ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात अथेन्समध्ये भाषणं लिहून द्यायचा. तिथं वकील नव्हते. पक्षकारानं स्वतःच उभं राहून बोलायचं, पण बोलायचं काय ते पैसे देऊन लिहून घेता यायचं. डेमोस्थेनीस याचाच शिष्य, असं जुने लोक सांगतात. इसायोसची जी भाषणं उरली आहेत ती जवळजवळ सगळी वारसाहक्काच्या दाव्यांची. मी साताऱ्यात दिवाणी वकिली करते. वाटण्या, मृत्युपत्रं, क्वचित एखादं जुनं दत्तकप्रकरण. त्यामुळे हा मनुष्य मला पहिल्या वाचनातच ओळखीचा वाटला. चुलता मेल्यावर तेराव्याच्या आत कुलूप बदलणारे पुतणे याच्याकडेही आहेत.

बुधवार, व्हेनिस

मार्चियाना ग्रंथालयाचं जुनं दालन पाहायला कोर्रेर संग्रहालयातून जावं लागतं. ड्यूकच्या राजवाड्याचं तिकीट इथंही चालतं. छतावर वेरोनेझे आणि त्याच्या समकालीनांची चित्रं, बाहेरच्या खोलीत तित्सियानो. वन्संना सगळ्यात आवडला तो फ्रा माउरोचा पंधराव्या शतकातला जगाचा नकाशा. त्यात दक्षिण वर आहे, त्यामुळे हिंदुस्थान शोधायला आम्हांला मान वाकडी करावी लागली.

या इमारतीचं मूळ कार्डिनल बेसारिऑनच्या दानात आहे. कॉन्स्टँटिनोपल पडल्यावर ग्रीक विद्या बुडेल या धास्तीनं त्यानं आयुष्यभर पोथ्या जमवल्या आणि १४६८ साली व्हेनिस प्रजासत्ताकाला देऊन टाकल्या, सगळ्यांना वाचता याव्यात म्हणून. प्रजासत्ताकानं त्या पेट्यांत भरून राजवाड्यात ठेवल्या. हे दालन बांधायला काढलं १५३७ साली, तोवर आल्दो जाऊन बावीस वर्षं झाली होती. म्हणजे ग्रीक पुस्तकं छापणारा युरोपातला सगळ्यात मोठा माणूस आणि युरोपातल्या सगळ्यात मोठ्या ग्रीक पोथीसाठ्यांपैकी एक एकाच गावात, चालत दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर, आणि तरी त्या साठ्याचा त्याला जवळपास काही उपयोग झाला नाही. सरकारजमा झालेल्या मालमत्तेचं काय होतं हे आपल्याकडच्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

मग वक्त्यांची भाषणं आली कुठून? फार लांबून. फ्लॉरेन्सचा सत्ताधीश लोरेन्झो मेदिची यानं यानुस लास्कारिस नावाच्या ग्रीक पंडिताला दोनदा पूर्वेकडे पाठवलं होतं, चांगली पुस्तकं शोधा आणि पडेल त्या किमतीला आणा असं सांगून. तो आथोस डोंगरावरच्या मठांपर्यंत गेला, क्रीटमध्ये फिरला आणि दोनशेच्या आसपास पोथ्या घेऊन आला. हे वक्ते त्यानंच आणले, असं आल्दो आपल्या प्रस्तावनेत सांगतो. १४९२ च्या एप्रिलच्या सुरुवातीला लास्कारिस क्रीटमध्ये खरेदी करत होता आणि ८ एप्रिलला तिकडे फ्लॉरेन्समध्ये लोरेन्झो वारला. मालकाला माल बघायलाही मिळाला नाही.

संध्याकाळी सान जॉर्जो देई ग्रेची, ग्रीकांचं चर्च. मनोरा कललेला आहे, कालव्याच्या पुलावरून छान दिसतो. आल्दोच्या काळात हे चर्च नव्हतं, पण ग्रीक वस्ती होती आणि तिच्याच जिवावर त्याचा छापखाना चालला. क्रीटचा मार्कुस मुसुरुस पाडोव्याला ग्रीक शिकवायचा. १५०९ मध्ये युरोपातल्या सत्ता व्हेनिसवर तुटून पडल्या, विद्यापीठ बंद पडलं आणि तो इकडे आला. त्याच लढाईपायी आल्दोचाही छापखाना बंद होता. १५१३ उजाडलं आणि तुंबलेलं सगळं एकदम बाहेर पडलं: जानेवारीत पिंदार, वसंतात वक्ते, सप्टेंबरात मुसुरुसनं सिद्ध केलेला अख्खा प्लेटो. त्या वर्षी जुळारी कधी झोपले असतील कोण जाणे.

गुरुवार, फ्लॉरेन्स

सकाळच्या गाडीनं दुपारच्या आत फ्लॉरेन्स. ऊन साताऱ्यासारखंच, फक्त घाम कमी. दुओमो, म्हणजे गावचं मुख्य चर्च, बाहेरून पाहिला, रांग बघून आत गेलो नाही. रात्री खोलीवर मेतकूट-भात.

शुक्रवार, फ्लॉरेन्स

सान लोरेन्झो चर्चच्या ओवरीतून वर गेलं की लाउरेन्त्सियाना ग्रंथालयाची ड्योढी लागते. मायकेलअँजेलोची कल्पना आणि अम्मानातीनं १५५९ मध्ये पुरा केलेला तो प्रसिद्ध जिना. करड्या दगडाचा, मधला भाग फुगून खाली आल्यासारखा. खोली लहान, जिना अवाढव्य. लोक जिन्याशीच अडकतात. मी आत गेले.

आतलं लांबट दालन मला जास्त भावलं. दोन्ही बाजूंना लाकडी बाकं, पाठ टेकायची आणि पुढं पुस्तक ठेवायची सोय एकातच. पोथ्या या बाकांना साखळीनं बांधलेल्या असायच्या, आणि प्रत्येक बाकाच्या कडेला त्या बाकावरच्या ग्रंथांची यादी अजून लावलेली आहे. बाक सुटलं तरी पत्ता राहिला: इथल्या पोथ्यांचे क्रमांक आजही बाकाच्या नंबरानं सुरू होतात. मेदिचींच्या या पोथ्यांनी मालकाबरोबर वनवासही भोगला. १४९४ मध्ये मेदिचींना शहरातून हाकललं तेव्हा त्या जप्त झाल्या, सान मार्को मठात गेल्या, १५०८ मध्ये घराण्यातल्याच एका कार्डिनलनं त्या विकत घेऊन रोमला नेल्या, आणि मग पुन्हा इथं आल्या. लोकांसाठी दालन उघडलं १५७१ साली.

मूळ पोथ्या पाहायला मिळत नाहीत, पण त्यांतल्या बऱ्याचशा आता छायाचित्रांच्या रूपात इंटरनेटवर आहेत. तिथंच ड्योढीत टेकून फोनवर पानं सरकवत बसले. पहारेकऱ्याला वाटलं असेल, बाई एवढ्या लांबून आल्या आणि मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसल्या.

इथं यायचं कारण असं. आल्दोच्या हाती आलेल्या पोथीत इसायोसचा एक तुकडा नव्हता. त्यामुळे त्याच्या पुस्तकात दहाच भाषणं आली, त्यातलंही क्लेओनिमोसच्या वारशाचं भाषण अर्धवट. मेनेक्लीसच्या वारशाचं भाषण तर मुळीच नाही. पुढे पावणेतीनशे वर्षं जगानं इसायोस वाचला तो या दहा भाषणांवर. अकरावं भाषण इथं, या ग्रंथालयातल्या पोथीत, पडून होतं. थॉमस टिरविट नावाच्या इंग्रज पंडितानं ते १७८५ साली लंडनमध्ये छापलं. क्लेओनिमोसचा राहिलेला भाग तर १८१५ पर्यंत थांबला, तो मिलानच्या पोथीतून आला.

आणि गंमत ही की सुटलेलं भाषणच माझ्या मते सगळ्यांत सरस आहे. ते दत्तकाचं आहे.

मेनेक्लीस हा उतारवयातला गृहस्थ. मित्राच्या धाकट्या मुलीशी त्यानं लग्न केलं, मूल झालं नाही. आपल्यापायी हिनं निपुत्रिक म्हातारी होऊ नये म्हणून त्यानं तिला सामोपचारानं सोडलं आणि तिचं दुसरं लग्न लावून द्यायला सांगितलं. भाषणात म्हटलंय की तिनं आधी ऐकून घ्यायलाही नकार दिला आणि मग हळूहळू तयार झाली. हे तिचा भाऊ सांगतोय हे वाचताना विसरायचं नाही. तिला कुणी साक्षीला उभं केलेलं नाही. मग मेनेक्लीसला म्हातारपणी पाहायला कुणी हवं म्हणून दत्तकाचा विचार आला. सख्ख्या भावाला एकच मुलगा, तो घेतला तर भाऊ निपुत्रिक होणार. म्हणून त्यानं आधीच्या बायकोचा धाकटा भाऊ दत्तक घेतला, भाऊबंदांसमोर आणि गावच्या नोंदीत रीतसर नाव घालून. त्यानंतर तो तेवीस वर्षं जगला. पोरानं सांभाळलं, अंत्यविधी केला, स्वतःच्या मुलाला मेनेक्लीसचं नाव ठेवलं. आणि मग मेनेक्लीसचा सख्खा भाऊ कोर्टात आला: दत्तक बाईच्या सांगण्यावरून घेतलं, सबब बेकायदा.

अथेन्सचा जुना कायदेकर्ता सोलोन, त्याचा कायदा तसाच होता. औरस मुलगा नसेल तर माणसानं आपल्या मालमत्तेची हवी तशी व्यवस्था करावी, मात्र वेड, म्हातारचळ, औषध, आजार, जुलूम किंवा बाईची भुरळ यांच्या अमलाखाली नाही. आमच्याकडच्या मृत्युपत्रांमध्ये "स्थिर बुद्धीने, कोणाच्याही दडपणाशिवाय" हे जे छापील वाक्य असतं, ते मी इतक्या वेळा टंकलिखित करून घेतलंय की अथेन्समध्येही तेच पाहून हसू आलं. आणि एकुलता एक मुलगा दत्तक घ्यायचा नाही हा मेनेक्लीसचा संकोच तर थेट आपल्या धर्मशास्त्रातला. एकुलता मुलगा देऊही नये आणि घेऊही नये, असं वसिष्ठ सांगतो. आपल्या न्यायालयांनी त्यावर कितीतरी वर्षं काथ्याकूट केला, शेवटी १८९९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या शेवटच्या अपील कोर्टानं, सांगितलं की तो उपदेश आहे, मोडला म्हणून दत्तक रद्द होत नाही.

वन्सं ओवरीत संत्र्याच्या झाडाखाली वाट बघत होत्या. त्यांना सगळी हकीकत सांगितली. त्यांचा प्रश्न: "इस्टेट केवढी होती?" प्रश्न बिनतोड होता. मेनेक्लीसची जमीन देणं फेडण्यात गेली होती, राहिलं होतं एक छोटं घर. इसायोसचा पक्षकारही तेच म्हणतो की मला मालमत्तेसाठी लढायचं नाही, मेलेल्या माणसाचं नाव पुसलं जाऊ नये म्हणून लढतोय. सगळे पक्षकार असंच म्हणतात. यानं म्हटलेलं मला खरं वाटतं, कारण घर खरोखरच लहान होतं.

साताऱ्याच्या माणसाला हा मुद्दा जरा टोचतोच. १८४८ मध्ये अप्पासाहेब महाराजांनी मरणापूर्वी घेतलेलं दत्तक कंपनीनं मानलं नाही आणि संस्थान खालसा केलं. तिथं घर लहान नव्हतं.

शनिवार-रविवार

विमान बदलत मँचेस्टर. वन्संचा मुलगा घ्यायला आला होता. पाऊस. सूनबाईंनी केलेली ज्वारीची भाकरी. या दोन दिवसांबद्दल एवढंच.

बुधवार, मँचेस्टर

डीन्सगेट या हमरस्त्यावर दुकानांच्या रांगेत एकदम लाल दगडाचं चर्च उभं राहतं, आणि ते चर्च नाहीच. हे जॉन रायलंड्स ग्रंथालय. रायलंड्स हा कापडाचा कारखानदार, मँचेस्टरच्या सगळ्यात श्रीमंत माणसांपैकी. १८८८ मध्ये तो वारला. त्याची बायको एन्रिकेता, जन्म क्युबातल्या हवानाचा, हिनं नवऱ्याच्या स्मरणार्थ हे बांधवलं. वास्तुविशारद बेसिल चॅम्प्नीज. १ जानेवारी १९०० ला लोकांसाठी उघडलं, आणि सुरुवातीपासूनच विजेच्या दिव्यांचं, गॅसच्या काजळीनं पुस्तकं खराब होऊ नयेत म्हणून. वरच्या वाचनदालनाच्या दोन टोकांना नवराबायकोचे पांढरे संगमरवरी पुतळे एकमेकांकडे बघत उभे. आत यायला पैसे पडत नाहीत.

मँचेस्टरचं कापड म्हटलं की आपल्याला होळीच आठवते, स्वदेशीची. वन्सं आजोबांकडून ऐकलेलं सांगू लागल्या. बाईंनी नवऱ्याच्या पैशांतून काय घेतलं ते ऐकल्यावर मात्र त्यांचा पवित्रा बदलला. १८९२ मध्ये एन्रिकेताबाईंनी अर्ल स्पेन्सरच्या घराण्याकडून आल्थॉर्पचं अख्खं ग्रंथालय विकत घेतलं, चाळीस हजारांवर ग्रंथ, दोन लाख दहा हजार पौंडांना. आल्दोच्या छापखान्याच्या पुस्तकांचा जगातला सगळ्यात मोठा संग्रह आज या इमारतीत आहे तो त्यामुळे.

हा संग्रह जमवला दुसऱ्या अर्लनं, जॉर्ज जॉन स्पेन्सरनं. इंग्लंडच्या आरमाराचा तो मंत्री होता, पण त्याचा जीव जुन्या छापील पुस्तकांत. त्यातला मोठा घास १७९० सालचा: हंगेरियन काउंट रेविच्कीचा संग्रह. रेविच्की ऑस्ट्रियाचा राजदूत म्हणून वॉर्सा, बर्लिन, लंडन असा फिरला, आणि ग्रीक-लॅटिन ग्रंथांच्या पहिल्या छापील आवृत्त्या गोळा करणं हा त्याचा ध्यास. त्यानं आपला संग्रह स्पेन्सरला दिला एक हजार पौंड रोख आणि तहहयात दरसाल पाचशे पौंड या बोलीवर. १७९३ मध्ये तो वारला. तहहयातीच्या करारात एक पक्ष नेहमी मनातल्या मनात दुसऱ्याची तब्येत बघत असतो. स्पेन्सरला हा सौदा फार स्वस्तात पडला.

आता यातला माणूस जो मला इथवर घेऊन आला. हा रेविच्की फारसी कवी हाफिजच्या गझलांचाही वेडा होता आणि त्यावर त्याचा पत्रव्यवहार चालायचा विल्यम जोन्सशी. तोच पुढे सर झालेला, कलकत्त्याला न्यायाधीश म्हणून आलेला, १७८४ मध्ये एशियाटिक सोसायटी काढणारा आणि मनुस्मृती इंग्रजीत आणणारा जोन्स. लहानग्या जॉर्ज जॉन स्पेन्सरचा घरचा मास्तरही हाच, १७६५ पासून. म्हणजे विकणारा याचा मित्र, घेणारा याचा विद्यार्थी. आणि १७७९ मध्ये, हिंदुस्थानात यायच्या चार वर्षं आधी, लंडनमध्ये वकिली करत असताना जोन्सनं इसायोसची भाषणं इंग्रजीत आणून छापली. दहा भाषणं. आल्दोकडून जेवढी आली तेवढीच.

म्हणजे अथेन्सच्या वारसाहक्कावर इतका घाम गाळलेला माणूस पुढे आपल्याकडच्या वारसाहक्काच्या दाव्यांपुढे न्यायाधीश म्हणून बसला, आणि मेनेक्लीसचं भाषण लंडनमध्ये छापून निघालं तेव्हा तो कलकत्त्यात होता. मनूचं भाषांतर १७९४ मध्ये आलं, त्याच वर्षी तो तिथंच वारला.

गुरुवार, मँचेस्टर

आधी नोंदणी करून वेळ घेतली होती. कोट-पिशवी बाहेर, आत फक्त पेन्सिल. हातमोजे नाहीत, हात स्वच्छ धुवायचे एवढंच. फोमच्या उतरणीवर पुस्तक ठेवून दिलं.

पहिल्या पानावर वक्त्यांची नावं ओळीनं, हजेरीपटासारखी, आणि जहाजाच्या नांगराला विळखा घातलेला डॉल्फिन, आल्दोचं चिन्ह. मला ग्रीक मुळाक्षरं येतात, भाषा येत नाही. तरीही आल्दोचा टाइप मी वाचू शकले नाही, कारण तो हस्ताक्षरासारखा आहे. अक्षरं एकमेकांत अडकवलेली, कुठं दोन मिळून एक, कुठं तीन. मोडी येणाऱ्यांना याची भीती वाटणार नाही. कागद मात्र थक्क करणारा: जाड, पांढरा, बोटाखाली किंचित खरबरीत, आणि पाचशे वर्षांत पिवळाही धड पडलेला नाही. मी घरी जपून ठेवलेले कायद्याचे जुने रिपोर्ट हात लावला की तुकडे होतात, आणि ते शंभर वर्षांचेही नाहीत. चिंध्यांचा कागद आणि लाकडाच्या लगद्याचा कागद यातला हा फरक वाचून माहीत होता, हाताला आज कळला.

इसायोस सापडायला वेळ लागला. सापडल्यावर जोन्सचं १७७९ चं पुस्तक शेजारी उघडून ठेवलं आणि मालमत्तांच्या मृत मालकांची नावं एकेक करून जुळवत गेले. पिर्होस, निकोस्त्रातोस, दिकायोगेनीस, फिलोक्तेमोन, किरोन, हाग्नियास. ज्यांच्या नावावर भांडण झालं त्यांचीच नावं उरली. भांडणाऱ्यांपैकी बरेचजण "फिर्यादी" आणि "प्रतिवादी" एवढेच राहिलेत. मेनेक्लीस अर्थातच दोन्हीकडे नाही.

दुपारी वन्सं आणि त्यांचा मुलगा खाली चहाला भेटले. त्या मेनेक्लीसचा दावा विसरल्या नव्हत्या. निकाल काय लागला, विचारलं. निकालाची नोंद कुठंच उरलेली नाही. इसायोसच्या बहुतेक दाव्यांचं तसंच आहे, भाषण टिकलं, हुकूमनामा गेला. मी त्यांना दाव्याचं अंगही समजावलं: खटला कागदोपत्री दत्तक मुलावर नव्हताच, त्याच्या बाजूनं साक्ष दिलेल्या सासऱ्यावर खोट्या साक्षीचा होता. पण साक्षीदार पडला की दत्तकही पडलं असतं.

"ते राहू दे," वन्सं म्हणाल्या. "हा भाऊ तेवीस वर्षं काय करत होता?"

मुलगा म्हणाला, "आई, मामींची सनद तुलाच देऊन टाकू का?"

मी म्हटलं, देऊन टाक. तेवीस वर्षांच्या मुद्द्यावर इसायोसनंही जोर दिलाय, पण त्याला तिथं पोचायला पुष्कळ परिच्छेद लागलेत. चहा संपवून मी पुन्हा वर गेले, लिसियास बघायचा राहिला होता.